आतड्याच्या ऑपरेशननंतर जोडीदाराचं खाणंपिणं आणि घरची काळजी : पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

दवाखान्यातून घरी आलं की पहिल्या संध्याकाळी एकच प्रश्न उभा राहतो : आता काय खायला द्यायचं? दवाखान्यात ट्रे येत होता, सिस्टर बघत होत्या. घरी ते सगळं तुमच्यावर येतं. सोबत नातेवाइकांचे डबे येतात, फोनवर सल्ले येतात आणि प्रत्येकाचा सल्ला वेगळा असतो.

हा लेख अशा नवऱ्यांसाठी आणि बायकांसाठी आहे, ज्यांच्या जोडीदाराच्या लहान किंवा मोठ्या आतड्याचा तुकडा काढून टोकं पुन्हा जोडली आहेत किंवा आतडं पोटावर बाहेर काढून पिशवी लावली आहे. कारण कॅन्सर असेल, टीबीमुळे आतडं अरुंद झालं असेल, पीळ पडला असेल, आतडं फुटलं असेल किंवा क्रोन्ससारखा आतड्याला सूज आणणारा आजार असेल. माझ्या पत्नीचं मलाशयाजवळचं आतडं काढलं आणि काही महिने तिच्या पोटावर तात्पुरती पिशवी होती. सिस्टर, आहारतज्ज्ञ आणि स्वतः ती यांच्याकडून जे शिकलो, ते इथे क्रमानं मांडतो. तुमच्या डॉक्टरांनी याहून वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका, कारण आतड्याचं ऑपरेशन प्रत्येकाचं वेगळं असतं.

एक गोष्ट आधीच सांगतो. जोडीदाराला भरपूर खाऊ घालावं ही इच्छा स्वाभाविक आहे, पण पहिल्या सहा आठवड्यांत तुमचं खरं काम बघण्याचं आहे. काय पोटात गेलं, काय बाहेर पडलं, ताप किती, वजन किती. एक साधी वही करा आणि रोज लिहा. फेरतपासणीला डॉक्टर जे जे विचारतात, त्यातली बहुतेक उत्तरं त्या वहीत सापडतात.

पायरी १ : डिस्चार्जच्या आधी विचारून घ्या

घाईत निघू नका. सर्जनना सांगा, "कागदावर चित्र काढून दाखवा, कुठला भाग काढला ते." पुढचं सगळं खाणं यावर ठरतं.

मोठ्या आतड्याचं मुख्य काम पाणी आणि मीठ शोषून घेणं. लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात बी-१२ जीवनसत्त्व आणि पित्तातले क्षार शोषले जातात. त्यामुळे उजव्या बाजूचं मोठं आतडं आणि त्याला लागून लहान आतड्याचं टोक काढलं असेल, तर बरेच दिवस शौचाला पातळ होऊ शकतं. कधी कधी हे न शोषलेल्या पित्तामुळे होतं. त्यावर वेगळं औषध आहे, म्हणून "ऑपरेशन झालंय, असं होणारच" म्हणून सोडून देऊ नका. अशा रुग्णाच्या बी-१२ची तपासणी कधी करायची आणि इंजेक्शन लागेल का, हेही विचारा. डाव्या बाजूचं आतडं काढलं असेल तर खाण्याची गाडी तुलनेनं लवकर रुळावर येते. मलाशय काढलं असेल तर त्रास खाण्यापेक्षा शौचाच्या वेळापत्रकाचा असतो. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

दुसरा प्रश्न औषधांचा. डायबेटीस, बीपी, लघवी जास्त होण्याची गोळी, रक्त पातळ करणारी गोळी या जुन्या औषधांपैकी कुठली चालू, कुठली बंद, कुठली कमी, हे एकेक करून लिहून घ्या. पिशवीतून बरंच पाणी जात असताना लघवीची गोळी चालू राहिली तर रुग्ण कोरडा पडतो. कॅन्सरच्या ऑपरेशननंतर पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पोटावर द्यायचं इंजेक्शन बऱ्याचदा २८ दिवसांपर्यंत देतात. तुमच्याकडे ते आहे का, घरी कोण देणार, हे ठरवून घ्या.

तिसरं, रात्री दोन वाजता काही झालं तर कुणाला फोन करायचा? नंबर घ्या आणि फ्रिजवर चिकटवा.

उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत झाले असतील तर आरोग्यमित्राला (योजनेच्या दवाखान्यातल्या मदतनिसाला) भेटा आणि पुढचं ऑपरेशन म्हणजे पिशवी बंद करणं, तपासण्या, केमो यातलं काय काय योजनेत बसतं ते विचारून ठेवा. आतड्याचा टीबी निघाला असेल तर गोळ्या निदान सहा महिने चालतात. निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत दरमहा १००० रुपये खात्यात येतात. नाव नोंदलं आहे ना, याची खात्री करा.

पायरी २ : पहिले दिवस, घोट घोट आणि वाटी वाटी

घरातली मोठी माणसं म्हणतील, "इतक्या लवकर खायला कसं देतात? आमच्या वेळी वारा सरेपर्यंत पाण्याचा थेंब देत नसत." त्यांचं बरोबर आहे, पूर्वी तसंच होतं. १९९० च्या दशकात डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केहलेट यांनी दाखवून दिलं की रुग्णाला लवकर चालवलं, लवकर खायला दिलं आणि नळ्या लवकर काढल्या तर तो लवकर बरा होतो. आता अनेक ठिकाणी ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवसापासूनच घोट घोट देतात. म्हणून लवकर खाण्याला घाबरू नका. घाबरायचं ते एका वेळी जास्त खाण्याला.

नियम सोपा आहे. दिवसातून सहा वेळा, एका वेळी एक वाटी. बसून, सावकाश, नीट चावून. जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, निदान अर्धा तास बसायचं. घास नको वाटला, पोट तट्ट वाटलं, ढेकर येत राहिले, तर थांबा आणि दोन तासांनी पुन्हा विचारा. "अजून दोन घास, माझ्यासाठी" हा आग्रह या दिवसांत करू नका. मळमळत असताना खाल्लेलं उलटून पडतं आणि उलटीचा सगळा ताण टाक्यांवर येतो.

पातळ पदार्थांत तांदळाची पेज सगळ्यात चांगली. कोकणात उकड्या तांदळाची पेज मीठ घालून देतात, तशी दिली तरी चालेल, फक्त शितं पूर्ण मऊ हवीत. मुगाच्या डाळीचं पातळ पाणी, गाळलेलं सूप, ताक, नाचणीचं गाळलेलं सत्त्व हेही चालतं. फळांचे रस आणि कोल्ड्रिंक नकोत. जास्त साखरेनं आतड्यात पाणी ओढलं जातं आणि शौचाला पातळ होतं.

त्यानंतर मऊ भात. हा नीट करायला शिका, कारण पुढचे काही आठवडे यावरच निभावायचं आहे. पाव वाटी जुना तांदूळ आणि दोन मोठे चमचे मुगाची पिवळी डाळ धुऊन अर्धा तास भिजवा. दोन वाट्या पाणी, चिमूटभर हळद, चिमूटभर हिंग आणि मीठ घालून कुकरला लावा. शिट्या झाल्यावर आच मंद करून दहा मिनिटं ठेवा. वाफ जिरली की डावानं घोटा, दाणा बोटात धरला तर सहज मोडला पाहिजे. घट्ट वाटला तर गरम पाणी घाला, गार पाण्यानं गुठळ्या होतात. वरून एक छोटा चमचा साजूक तूप. त्याहून जास्त तूप सुरुवातीला पचत नाही, विशेषतः लहान आतड्याचा शेवटचा भाग काढला असेल तर. फोडणी, मोहरी, कढीपत्ता, मिरची काहीही नको. चव येत नाही अशी तक्रार आली तर जिरेपूड आणि दोन थेंब लिंबू घालून बघा.

पायरी ३ : चार ते सहा आठवडे कमी चोथ्याचं जेवण

जोड ताजा असतो, आतडं आतून सुजलेलं असतं आणि जोडाच्या जागी वाट काही काळ अरुंद असते. म्हणून चोथा कमी ठेवायचा.

आपल्याकडे भाजी निवडताना सगळे काळजी घेतात, पण मराठी स्वयंपाकात चोथा वाटणात आणि कुटात लपलेला असतो. दुधी सोलून बिया काढून शिजवला आणि वर मूठभर ओलं खोबरं घातलं, तर सगळी मेहनत वाया गेली. शेंगदाण्याचा कूट, तीळ, सुकं खोबरं, खसखस, कोथिंबिरीच्या काड्या, टोमॅटोची सालं, कढीपत्त्याची पानं हे सगळं बाजूला ठेवा. घरात एकच स्वयंपाक होत असेल तर फोडणी आणि वाटण घालायच्या आधी रुग्णाचा वाटा वेगळा काढून घ्या. यात वेगळं काही शिजवावं लागत नाही आणि करणाऱ्याचा जीवही दमत नाही.

चालणारं : मऊ भात, मुगाची खिचडी, रव्याची पातळ खीर किंवा उपमा (मोहरी-डाळी न घालता), इडली, सोललेला आणि बिया काढलेला दुधी, लाल भोपळा, पडवळ, सोलून उकडलेला बटाटा, गाजर मऊ शिजवून, पिकलेलं केळं, सोलून वाफवलेलं सफरचंद, दही, ताक, पनीर, अंडं, काटे काढलेला पापलेट किंवा सुरमई, चिकन उकडून बारीक केलेलं.

नको : ज्वारी-बाजरीची भाकरी, पालेभाज्या, कोबी, फ्लॉवर, गवार, शेवग्याच्या शेंगा, मटकी-हरभरा-वाटाण्याच्या उसळी, मका, मशरूम, कच्च्या कोशिंबिरी, पेरू, डाळिंब, अंजीर, फणस, संत्र्या-मोसंबीच्या पाकळ्या. पापड-लोणचं आणि तळणही नको.

दुधानं काही जणांना या काळात पोट फुगणं, पातळ होणं असा त्रास होतो. दोन दिवस दूध बंद करून दह्यावर ठेवा. फरक पडला तर वहीत लिहा, तेवढं पुरे.

प्रथिनं : मऊ भातात कमी पडतात ती

इथे बऱ्याच घरांत घसरण होते. मऊ भात पचतो, त्रास देत नाही, म्हणून सकाळ-संध्याकाळ तोच चालू राहतो आणि महिनाभरात रुग्ण सुकत जातो. जखम भरायला प्रथिनं लागतात. मोठ्या ऑपरेशननंतर वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं असा अंदाज आहारतज्ज्ञ धरतात. ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. हा आकडा घरच्या जेवणात गाठायला लक्ष द्यावं लागतं.

अंदाज असा : एका अंड्यात ६ ग्रॅम, ग्लासभर दुधात ८, वाटीभर दह्यात ५, वाटीभर घट्ट वरणात ६ ते ७, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८, तेवढ्याच माशात २०. म्हणजे सकाळी दोन अंडी आणि दूध, दुपारी घट्ट वरण-भात नि दही, चार वाजता ५० ग्रॅम पनीर, रात्री खिचडी, माशाचा एक मोठा तुकडा आणि पुन्हा दही, इतकं झालं तर सत्तरीच्या पुढे जातं. शाकाहारी असाल तर पनीर दुप्पट करा आणि पेजेत, खिरीत दोन मोठे चमचे साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळा, त्यातून ५ ग्रॅमच्या आसपास भर पडते. किडनीचा त्रास असेल तर हे सगळं डॉक्टरांना विचारूनच.

वजन आठवड्यातून एकदा, सकाळी, त्याच काट्यावर घ्या. थोडं उतरणं अपेक्षित असतं. पण दर आठवड्याला उतरतच चाललं तर फेरतपासणीच्या तारखेची वाट बघू नका.

आता डब्यांबद्दल. ऑपरेशन म्हटलं की आपल्याकडे डिंकाचे लाडू येतात, मेथीचे लाडू येतात, अळिवाची खीर येते. पाठवणाऱ्याचा जीव त्यात असतो. पण डिंक, मेथी, खारीक, सुकं खोबरं, अळीव हे सगळं पहिल्या सहा आठवड्यांत नको. "डॉक्टरांनी अजून सांगितलं नाही, सांगितलं की पहिला तुमचाच लाडू" असं म्हणा आणि लाडू घरच्यांनी खा. रुग्णाला हा नकार द्यायला लावू नका. तो तुम्ही द्या. जोडीदार म्हणून करण्यासारख्या कामांत हे एक मोठं काम आहे.

एरंडेल, काढे, इसबगोल, जुलाबाची गोळी यातलं काहीही मनानं देऊ नका. एनिमा तर मुळीच नाही. मलाशयाजवळचा जोड ताजा असताना गुदद्वारातून काही घालणं धोक्याचं असतं. पोट चोळून देणंही बंद.

पायरी ४ : पोटावर पिशवी असेल तर

लहान आतडं बाहेर काढलेलं असेल तर त्याला इलिओस्टॉमी म्हणतात. अन्न मोठ्या आतड्यात जातच नाही, म्हणजे पाणी आणि मीठ शोषणारा भागच बाजूला पडतो. म्हणून या रुग्णाला सगळ्यात मोठा धोका शरीर कोरडं पडण्याचा असतो. ऑपरेशननंतर पुन्हा भरती व्हायचं हे एक नेहमीचं कारण आहे आणि घरी लक्ष ठेवलं तर ते बऱ्याचदा टळतं.

मापाचा प्लास्टिकचा जग आणा आणि पहिले काही आठवडे पिशवी त्यात रिकामी करा. किती मिली ते वहीत टाका. स्थिर झाल्यावर दिवसाला साधारण ५०० ते ८०० मिली पडतं. १००० च्या वर जायला लागलं तर सावध व्हा, १५०० च्या वर गेलं तर त्याच दिवशी फोन करा. लघवी गडद पिवळी आणि कमी होणं, तोंड कोरडं पडणं, उभं राहिल्यावर चक्कर, पिंडऱ्यांत पेटके ही कोरडं पडण्याची लक्षणं.

अशा वेळी घरचे तांब्यावर तांब्या साधं पाणी पाजतात. त्यानं उलट होतं. मीठ नसलेलं पाणी जास्त प्यायलं की पिशवीतून आणखी पाणी बाहेर पडतं आणि सोबत मीठही घेऊन जातं. शहाळ्याच्या पाण्यातही मीठ फार कमी असतं, त्यामुळे ते ओआरएसची जागा घेऊ शकत नाही. चहा, सरबत, कोल्ड्रिंक कमी ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची ओआरएसची पुडी आणा, एका लिटर पाण्यात पूर्ण पुडी घाला आणि दिवसभर घोट घोट द्या. उरलेलं २४ तासांनी टाकून द्या. अर्धी पुडी अंदाजानं पेल्यात घालू नका. बाटलीत आणि खोक्यात मिळणारी गोड पेयं वेगळी असतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयनं (देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेनं) अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली, तरी घेताना वेष्टन वाचा. पुडी हाताशी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. जेवणात मीठ नेहमीपेक्षा थोडं जास्त लागतं, बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर किती ते विचारा.

जेवताना पाणी कमी, दोन जेवणांच्या मध्ये जास्त. पिकलेलं केळं, भात, साबुदाण्याची खीर, दही, वाफवलेलं सफरचंद यांनी पिशवीतलं घट्ट होतं. घट्ट करण्याची गोळी डॉक्टर देतात, ती बहुधा जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असते. दुसऱ्या कुठल्या गोळ्या पिशवीत अख्ख्या पडताना दिसल्या तर डॉक्टरांना सांगा, प्रकार बदलून देतात. बीट खाल्लं तर पिशवीत लाल दिसतं, ते रक्त समजून घाबरू नका.

पिशवी बदलणं सुरुवातीला अवघड वाटतं. सकाळी, काही खायच्या आधी बदला, तेव्हा कमी वाहतं. आधीची पिशवी वरून खाली हलक्या हातानं सोडवा, दुसऱ्या हातानं कातडी दाबून धरा. कोमट साध्या पाण्यानं पुसा. डेटॉल, साबणाचा जाड फेस, तेल, क्रीम काही नको, त्यानं पिशवी चिकटत नाही. कातडी पूर्ण कोरडी होऊ द्या. स्टोमाचं, म्हणजे पोटावर बाहेर काढलेल्या आतड्याचं, तोंड मोजपट्टीनं मोजा आणि भोक त्याहून दोन-तीन मिलिमीटरच मोठं कापा. जास्त मोठं कापलं की कातडीवर पातळ मळ लागतो आणि ती सोलवटते. पहिले सहा ते आठ आठवडे स्टोमा आकसत जातो, म्हणून दर वेळी माप घ्यायचं. लावल्यावर तळहात ठेवून मिनिटभर धरा, हाताच्या उबेनं गोंद बसतो. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, पूर्ण भरू दिली की वजनानं सुटते.

स्टोमा ओला आणि लालसर-गुलाबी असतो. त्याला हात लावला तरी दुखत नाही. तो जांभळा किंवा काळा दिसला तर लगेच दवाखाना.

पत्नीनं पिशवी स्वतः बदलायला शिकावं असं मला फार वाटत होतं, पण पहिले दिवस तिला बघवतही नव्हतं. सिस्टरनी सांगितलं, "तुम्ही बदला, त्यांना फक्त कात्री धरायला द्या." कात्रीपासून सुरुवात झाली, मग माप, मग कापणं, मग सगळंच. हीच रीत मी सगळ्यांना सुचवतो. मुंबईत परळला टाटा मेमोरियलमध्ये स्टोमा क्लिनिक आहे, मुंबईतच ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आहे. तुमच्या दवाखान्यात स्टोमा-सिस्टर असतील तर त्यांना गाठा. पिशवीसह जगणाऱ्या एखाद्या माणसाशी बोलणं झालं तर त्यानं मिळणारा धीर आपण देऊ शकत नाही.

पायरी ५ : उठणं, चालणं, उचलणं

घरातल्या घरात दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं चालायचं. उठताना आधी कुशीवर वळायचं, मग हातावर भार देऊन बसायचं. खोकला, शिंक आली की पोटावर उशी धरून दाबायची. उशी बिछान्यावर हाताशीच ठेवा. कमोड नसेल तर कमोडची खुर्ची भाड्यानं मिळते, ती आणा. उकिडवं बसून जोर लावणं काही आठवडे नको.

सहा आठवडे चार-पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही. जखम वरून भरलेली दिसली तरी आतला थर अजून कच्चा असतो, तिथे हर्निया होऊ शकतो आणि पिशवीच्या बाजूला तर बऱ्याचदा होतो. पाण्यानं भरलेली बादली १५ किलोच्या घरात जाते, हे लक्षात ठेवा.

नवऱ्यांना इथे वेगळं सांगायचं आहे. नवरा आजारी असला की बायको सगळं सांभाळते आणि तो पडून राहतो. बायकोचं ऑपरेशन झालं की पंधरा दिवसांत ती कणीक मळताना, कुकर उचलताना, गादी झटकताना दिसते आणि घरातलं कुणी तिला हटकत नाही, कारण "तिला चैन पडत नाही". तिला चैन पडत नाही, कारण ओट्यावर भांडी पडलेली तिला दिसतात. ती तिच्या आधी तुम्ही घासा. मऊ भात, वरण, खिचडी, अंडं उकडणं हे ऑपरेशनच्या तारखेआधीच शिकून घ्या. पोळ्यांना बाई लावा. मुलं कडेवर घ्यायला येतात, त्यांना आधीच समजावा, आईच्या शेजारी बसून गोष्ट ऐकायची.

तंबाखू, मिश्री, सिगारेट बंद. जोड भरून येण्यात तंबाखू आडवा येतो, यात वादच नाही.

लगेच दवाखाना गाठायची लक्षणं

जोडातून गळती व्हायची असेल तर ती बहुधा पहिल्या दीड-दोन आठवड्यांत होते, म्हणजे बऱ्याचदा घरी आल्यावर. त्यामुळे हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं.

- १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप किंवा हुडहुडी
- पोटदुखी कमी होण्याऐवजी वाढत जाणं, पोट कडक होणं
- उलट्या थांबत नाहीत, पोट फुगलं आहे, वारा सरत नाही
- इलिओस्टॉमीत चार-सहा तास काहीच पडलं नाही आणि पोटात कळा येताहेत
- विश्रांतीतही छातीत खूप धडधड, घाम, गोंधळल्यासारखं बोलणं
- जखमेतून पू किंवा घाण वासाचं पाणी, शौचातून गुठळ्यांसारखं रक्त
- एका पायाच्या पोटरीला सूज आणि दुखणं, अचानक धाप, छातीत दुखणं

"सकाळपर्यंत बघू" असं यातल्या कशाच्याही बाबतीत म्हणू नका.

पायरी ६ : मलाशयाच्या ऑपरेशननंतरचं शौच

मलाशय म्हणजे मळ साठवायची जागा. ती गेली किंवा लहान झाली की थोडं थोडं, पुन्हा पुन्हा जावं लागतं, कधी तासाभरात चार-पाच वेळा, आणि लागली की थांबवता येत नाही. बऱ्याच जणांना हे महिनोन् महिने चालतं आणि हळूहळू वर्ष-दीड वर्षात बसत जातं. रुग्णाला याची फार लाज वाटते. बाहेर जाणं बंद होतं. लग्नकार्याला जाताना पोहोचल्यावर आधी संडास कुठे आहे ते तुम्ही बघून ठेवा, बॅगेत एक जोड कपडे ठेवा आणि त्याची चर्चा करू नका.

वारंवार गेल्यानं कातडी सोलवटते. पाण्यानं धुवा, मऊ कापडानं टिपून घ्या, झिंक ऑक्साइडचं मलम लावा. रात्रीचं जेवण लवकर आणि हलकं. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्ट शिकवतात, ते मनापासून करायला लावा.

पायरी ७ : सहा आठवड्यांनंतर ताटात एकेक पदार्थ परत

डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला की सुरू करा. दोन-तीन दिवसांत एकच नवा पदार्थ, दुपारच्या जेवणात, थोडा. रात्री नवा पदार्थ नको, त्रास झाला तर रात्र जाते. आधी वरणात बुडवलेला मऊ फुलका, मग पालक शिजवून घोटलेला, मग बिया काढलेल्या काकडीची किसलेली कोशिंबीर, मग मोड आलेल्या मुगाची मऊ उसळ, मग ज्वारीची भाकरी दुधात किंवा ताकात कुस्करून. शेंगदाणे, खोबरं, मका, मशरूम सगळ्यात शेवटी. पिशवी असेपर्यंत हे चार टाळलेलेच बरे, ते अडकतात. त्रास झाला तर पदार्थ कायमचा बाद करू नका, महिन्याभरानं पुन्हा बघा.

भीतीपोटी वर्षानुवर्षं मऊ भातावर राहणारी माणसं मी पाहिली आहेत. त्याची गरज नसते. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरनंतर तर चोथा असलेलं जेवण हळूहळू परत यायलाच हवं, आणि लाल मांस कमी व्हायला हवं.

उपास या काळात नकोत. एकादशीला साबुदाण्याची खिचडी म्हणजे शेंगदाण्याचा कूट आलाच. अगदीच मन मानत नसेल तर वरीचा मऊ भात आणि ताक द्या, पण उपाशी ठेवू नका.

केमो सुरू होणार असेल आणि त्यात ऑक्झॅलिप्लॅटिन हे औषध असेल तर गार पाण्यानं, फ्रिजमधल्या वस्तूंनी घशात आणि बोटांत मुंग्या-कळा येतात. पाणी कोमट द्या, फ्रिज तुम्ही उघडा.

तुमच्या दोघांतलं

पोटावर टाके, पिशवी, वास येईल ही भीती. यामुळे माणूस वेगळ्या खोलीत झोपायला लागतो. झोपू देऊ नका. झोपण्याआधी पिशवी रिकामी केली की ती सहसा त्रास देत नाही. शरीरसंबंध जखम भरल्यावर, साधारण सहा आठवड्यांनी, मनाची तयारी असेल तेव्हा. मलाशयाच्या ऑपरेशनमध्ये तिथल्या नसांना धक्का लागू शकतो. पुरुषांना ताठरता येत नाही, स्त्रियांना कोरडेपणा आणि दुखणं होतं. यावर उपचार आहेत. डॉक्टर स्वतःहून विचारत नाहीत, म्हणून तुम्ही दोघांनी मिळून विचारा.

चिडचिड होईल. खाल्लं नाही म्हणून तुम्ही चिडाल, सारखं विचारता म्हणून जोडीदार चिडेल. दिवसातले दोन तास कुणाला तरी बसवून बाहेर पडा. रात्रीची झोप दोघांत वाटून घ्या, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण कुणी येत असेल तर "कशाला त्रास" म्हणू नका.

पिशवी बंद केल्यावर

तात्पुरती पिशवी साधारण दोन-तीन महिन्यांनी बंद करतात. केमो चालू असेल तर ते संपल्यावर. आधी जोड भरला आहे का याची तपासणी होते. बंद केल्यावर मोठं आतडं काही महिन्यांच्या विश्रांतीनंतर पुन्हा कामाला लागतं, त्यामुळे सुरुवातीला दिवसातून आठ-दहा वेळाही जावं लागू शकतं. जुनी वही पुन्हा काढा आणि तिसऱ्या पायरीपासून परत सुरू करा : कमी चोथा, सहा वेळा, एक वाटी. झिंकचं मलम आणि ओआरएसच्या पुड्या पिशवी बंद करायला भरती होण्याआधीच घरात आणून ठेवा.